ईश्वर नाकारणारा तपस्वी : गोपाळ गणेश आगरकर

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या आचार्यांचे, दानशूर श्रेष्ठींचे अथवा तीर्थक्षेत्राचे चरित्र यावे, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. अशा मंगलप्रसंगी, ज्याने देवपूजा, व्रतवैकल्ये आणि परलोक यांवरील विश्वास जाहीरपणे सोडून दिला, त्या गोपाळ गणेश आगरकरांचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात येईल. परंतु आज आपल्या घराघरांतील सुशिक्षित मुले-मुली हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत आहेत. धर्म मानल्याने मनुष्याला नेमके काय मिळते, आणि न मानल्याने त्याचे काय अडते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे आहे. त्यांना गप्प बसविणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे. या प्रश्नाचा विचार ज्याने आपल्या आयुष्याचे मोल देऊन केला, अशा पुरुषाचे चरित्र समोर ठेवणे हाच मला योग्य मार्ग वाटतो.

जन्म आणि विद्यार्जन

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी वसलेल्या टेंभू या लहानशा गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला अशी शिक्षणासाठी त्यांची वणवण झाली. कधी कचेरीत उमेदवारी, कधी दवाखान्यात मदतनीसाचे काम, तर कधी नातेवाइकांच्या घरी पडेल ते काम करून त्यांनी शिक्षण पुढे रेटले. अकोल्यात मॅट्रिक होऊन ते पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्ती आणि निबंधस्पर्धांची बक्षिसे यांवर त्यांचे शिक्षण चाले. अंगात घालावयास एकच सदरा, तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी पुन्हा तोच घालावयाचा, ही त्यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

इतक्या हालअपेष्टा सोसून उच्च पदवी मिळविणाऱ्या मुलाने आता मोठी सरकारी नोकरी धरावी आणि घरचे दारिद्र्य फेडावे, असे कोणत्या आईला वाटणार नाही? त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारदरबारी सहज मानाचे पद मिळे. परंतु आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच कळविले, की मोठ्या पगाराची आशा तिने बाळगू नये. पोटापुरते मिळवून उरलेला सर्व वेळ आपण लोकांच्या कल्याणासाठी खर्च करणार आहोत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, व्यापार सुरू होण्यापूर्वीच त्या तरुणाने परिग्रहाचे परिमाण बांधून घेतले होते. श्रावकाच्या बारा व्रतांतील हे पाचवे अणुव्रत होय. ते आगरकरांनी कोणत्याही गुरुमहाराजांसमोर हात जोडून घेतले नव्हते. पण जन्मभर पाळले मात्र तंतोतंत.

शाळा, वृत्तपत्र आणि कारावास

१८८० च्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए. ची परीक्षा आटोपताच आगरकर त्यांना जाऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि त्याच्या संपादकपदाची धुरा आगरकरांकडे आली. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी दिवाण बर्वे यांच्यावर केलेल्या लिखाणाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. तेथील १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. त्या कोठडीत दोघा मित्रांचे रात्र रात्र वाद चालत. एकाला वाटे, आधी देश स्वतंत्र झाला पाहिजे. दुसऱ्याला वाटे, आधी समाज शहाणा झाला पाहिजे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. पण दोघा मित्रांमधील मतभेद वाढतच गेले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' हे स्वतःचे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी बाजूसाठी तरुण गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या साहाय्यास होते. प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि त्याच पदावर असताना १७ जून १८९५ रोजी त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दम्याने त्यांना आयुष्यभर छळले. किंबहुना त्यांचे बरेचसे लेखन त्या व्याधीशी झगडतच झाले आहे.

श्रद्धेचा त्याग कशासाठी?

मिल्ल आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांच्या ग्रंथांचा आगरकरांवर मोठा प्रभाव होता. देवतांच्या कल्पना मनुष्याच्या मनात कशा उत्पन्न झाल्या, याची मीमांसा त्यांनी 'देवतोत्पत्ति' या निबंधात केली आहे. काही अभ्यासक त्यांना नास्तिक म्हणतात, तर काही अज्ञेयवादी. म्हणजे अंतिम सत्य मनुष्यास कळणे शक्य नाही असे मानणारे. शब्द कोणताही वापरला, तरी एक गोष्ट निश्चित आहे. आचार बरा की वाईट, हे तो जुना आहे यावरून किंवा कोणत्या ग्रंथात लिहिला आहे यावरून ठरत नाही. मनुष्याचे सुख त्याने वाढते की दुःख, यावरून ते ठरते, ही त्यांची एकमेव कसोटी होती.

ही कसोटी घेऊन ते ज्या प्रश्नापाशी सर्वांत अधिक काळ थांबले, तो होता बालविधवांचा. आठ-दहा वर्षांची मुलगी, जिला विवाहाचा अर्थही कळलेला नाही, ती विधवा होताच तिचे केशवपन करावयाचे, तिला एका कोपऱ्यात बसवावयाचे आणि हे सर्व तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असे म्हणून निःश्वास टाकावयाचा, अशी त्या काळची रीत होती. त्या स्पष्टीकरणाने शेजाऱ्यांचे समाधान होई. मुलीचे दुःख तिळमात्र कमी होत नसे. आगरकरांना पूर्वजन्म मान्य नसल्यामुळे ही पळवाट त्यांना मोकळी नव्हती. दुःखाचे कारण याच जन्मात, याच समाजात, आपल्याच रूढींमध्ये शोधणे त्यांना भाग पडले. बालविवाह, केशवपन, अस्पृश्यता, स्त्रियांचे अज्ञान यांवर त्यांनी जे आसूड ओढले, त्यांचे मूळ येथे आहे. मुला-मुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, ही आज आपल्याला सहज वाटणारी गोष्ट त्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. जिवंतपणी स्वतःची तिरडी पाहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, त्याने दुसऱ्या दिवशीही शाळेत जाऊन शिकवावे आणि पुढील अंकाचा मजकूर लिहावा, याला तितिक्षा म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? बावीस परिषहांमध्ये आपण आक्रोश-परिषह मोजतो, म्हणजे लोकांची दुर्वचने समभावाने सहन करणे. तो आगरकरांनी पुरता जिंकला होता, असे मला वाटते.

निफाडचे सुपुत्र : श्रद्धेचा दुसरा पक्ष

आता दुसरी बाजू पाहू. तिच्यासाठी आपल्याला नाशिक जिल्ह्याबाहेर जावयास नको. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. १८७८ साली बदली होऊन ते काही काळ नाशिकच्या न्यायालयातही होते. आगरकरांप्रमाणेच रानडेही समाजसुधारणेचे पुरस्कर्ते. परंतु त्यांची सुधारणा ईश्वरभक्तीतून उगवलेली होती. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ होते. मूर्तिपूजा व जातिभेद त्यांना मान्य नव्हते. तथापि दयाघन परमेश्वर आहे आणि संतांची वाट त्याच्याकडे जाते, यावर त्यांचा अढळ विश्वास होता. महाराष्ट्रातील संतांनी मराठ्यांच्या उत्कर्षाची भूमी तयार केली, हा विचार त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात मांडला.

या श्रद्धेने रानड्यांना काय दिले? प्रथम म्हणजे शांती. सरकारचा संशय, बदल्या, सनातन्यांची निंदा, सुधारकांचा उतावळेपणा या सर्वांमध्ये त्यांचे चित्त ढळले नाही. दुसरे म्हणजे दीर्घकाळ धीर धरण्याचे सामर्थ्य. जो मनुष्य स्वतःला विशाल व्यवस्थेचा एक लहान घटक मानतो, तो आपल्या हयातीत फळ दिसले नाही तरी निराश होत नाही. सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, औद्योगिक परिषद अशा संस्थांमागे त्यांनी उभे आयुष्य वेचले ते याच बळावर.

पण श्रद्धेची एक दुर्बलताही त्यांच्या चरित्रात दिसते. १८७३ साली प्रथम पत्नीचे निधन झाल्यावर, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. पुढे पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात, आपली चूक झाली असे वाटत नसतानाही, त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. वडीलधाऱ्यांचा मान, समाजाशी नाते न तोडण्याची इच्छा आणि नम्रता हे गुणच त्यांच्या पायांतील बेडी झाले. तरीही त्याच विवाहातून रमाबाई रानडे घडल्या आणि पुण्याचे सेवासदन त्यांच्या हातून वाढले, हेही विसरता येणार नाही.

जमा आणि खर्च

व्यापारी मनुष्याला दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद मान्य होत नाही. म्हणून आगरकरांच्या बाजूचाही हिशेब केला पाहिजे. अश्रद्धेने त्यांना निर्भयता दिली. ग्रहांचे भय नाही, शापाचे भय नाही, नरकाचे भय नाही, आणि स्वर्गाचा लोभही नाही. चांगले कृत्य चांगले आहे एवढ्यासाठीच करावयाचे, ही नीतीची फार उंच पायरी आहे. ज्याला दुसरा जन्म नाही, त्याला या जन्मीचे काम पुढे ढकलता येत नाही. ही तातडीही त्यांना अश्रद्धेनेच दिली.

पण काही गोष्टी ती देऊ शकली नाही. अश्रद्धेला पर्व नसते, मंदिर नसते, संघ नसतो. घरात मृत्यू झाला असता चार माणसे येऊन बसतील, सामूहिक प्रार्थना होईल, अबोल मनाला शब्द मिळतील, अशी व्यवस्था तिच्याजवळ नाही. आगरकरांसारखा पुरुष तिच्याशिवाय उभा राहू शकतो. सामान्य मनुष्य कोलमडतो. म्हणूनच आगरकरांचे वाचक पुष्कळ झाले, त्यांच्या मागण्यांपैकी बऱ्याचशा पुढे कायद्यात उतरल्या. परंतु त्यांच्या नावाचा पंथ किंवा समाज उभा राहिला नाही. स्वतःच्या घरातही त्यांनी आपले मत कोणावर लादले नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवधर्मास आगरकरांनी आडकाठी केली नाही. दुसऱ्याचा आधार काढून घेण्यापूर्वी त्याला कशाचा आधार देणार, हा विवेक त्या कठोर लेखकाजवळ होता.

शेवटच्या दिवसांची एक हकीकत सांगतात. आपल्या अंत्यविधीसाठी कोणावर भार पडू नये, म्हणून त्यांनी थोडे रुपये पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते. प्राचार्यपदी असलेल्या पुरुषाची शिल्लक ती इतकीच. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले, त्या टिळकांनाही मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरले नाहीत.

आपण कोठे उभे आहोत?

या दोन वाटांमध्ये जैन मनुष्याचे स्थान मोठे विलक्षण आहे. वेदप्रामाण्य न मानल्यामुळे प्राचीन पंडितांनी आपल्या दर्शनाची गणना नास्तिक दर्शनांत केली. जगाचा कर्ता कोणी ईश्वर नाही, हे आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकातच आदिपुराणात युक्तिवादाने सिद्ध केले होते. देवमूढता, गुरुमूढता आणि लोकमूढता टाकल्याशिवाय सम्यग्दर्शन शुद्ध होत नाही, असे समंतभद्राचार्यांचा श्रावकाचार सांगतो. तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत आणि कोणाचे काही हिरावूनही घेत नाहीत. प्रत्येकाने आपल्याच पुरुषार्थाने वर चढावयाचे असते. येथपर्यंत आगरकर आपल्या बरोबरीने चालतात. आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांपाशी मात्र आपली वाट वेगळी होते.

आणि येथेच आगरकरांचा प्रश्न आपल्याला टोचला पाहिजे. कर्मसिद्धांत आपण कशासाठी वापरतो? माझ्यावर संकट आले असता, हे माझ्याच कर्माचे फळ आहे, ते समभावाने भोगावे आणि नवे कर्म बांधू नये, हा त्याचा उपयोग मनुष्याला सिंहासारखा धीर देतो. पण शेजारच्या विधवेकडे, दिवाळे निघालेल्या बंधूकडे, अपंग बालकाकडे बोट दाखवून हे ज्याचे त्याचे कर्म असे म्हणणे, म्हणजे सिद्धांताचा आडोसा घेऊन निर्दयता लपविणे होय. आपल्या समाजातील बालविधवांनाही एके काळी याच वाक्याने गप्प केले जात होते. आगरकरांनी हा आडोसा उखडून टाकला. आपण सिद्धांत ठेवून आडोसा टाकू शकतो.

शास्त्राने त्याची सोय करून ठेवली आहे. सम्यक्त्वाची लक्षणे आपल्याकडे परंपरेनुसार चार किंवा पाच सांगितली जातात. शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य असा त्यांचा क्रम आहे. जेथे चार सांगतात तेथेही अनुकंपा आस्तिक्याच्या आधी येते. आचार्यांच्या मनात या क्रमाचा हेतू काय होता, हे विद्वान सांगतील. परंतु माझ्यासारख्या गृहस्थाला त्यातून एक अर्थ उमगतो : दुसऱ्याच्या दुःखाने जो कंप पावत नाही, त्याचे आस्तिक्य कच्चे आहे. आगरकरांजवळ शेवटचे लक्षण नव्हते. पण त्याच्या आधीचे लक्षण भरभरून होते. आपल्यापैकी अनेकांजवळ शेवटचे आहे आणि आधीचे शोधावे लागते. कोण अधिक दूर आहे, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

नाशिकच्या भूमीने या प्रश्नाचे आणखी एक उत्तर पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला त्यांनी बुद्धाचा, म्हणजे जगत्कर्ता ईश्वर न मानणारा, धम्म स्वीकारला. इतका अन्याय सोसूनही त्या प्रकांड बुद्धिमान पुरुषाला आपल्या समाजाला धर्मावाचून ठेवावेसे वाटले नाही. ज्यात बुद्धीला जागा आहे आणि माणसाला माणूस म्हणून मान आहे, असा धर्म त्यांनी निवडला. श्रमण परंपरेतील आपल्यासारख्यांना याचा अर्थ समजावयास अडचण पडू नये.

समारोप

आपला ट्रस्ट पन्नास वर्षे टिकला, तो श्रद्धेमुळे टिकला. आजारी साधर्मिकाच्या घरी पाळीपाळीने जाणे, पर्युषणात नेम धरणे, संवत्सरीला वैर विसरून क्षमा मागणे, हे सर्व केवळ तर्काने चालत नाही. त्याला संघ लागतो, सवय लागते, आणि आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी मस्तक नमविण्याची तयारी लागते. ही संपत्ती आगरकरांजवळ नव्हती, आणि तिची किंमत आपण ओळखली पाहिजे. परंतु चढाव्याच्या बोलीत मोठा आकडा बोलणारा श्रावक, त्याच समाजातील एखाद्या मुलीची फी थकली असता गप्प राहिला, तर त्याच्या श्रद्धेने जगाला काय दिले, हा आगरकरांचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

अनेकांत आपल्याला सांगतो की सत्याला एकाहून अधिक बाजू असतात. श्रद्धेने धीर, संघ आणि नम्रता द्यावी. चिकित्सेने तिला स्वच्छ, निर्भय आणि दयार्द्र ठेवावे. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांनी शंका विचारली, तर ती पाप समजून दडपू नये. ज्या धर्मात गौतमस्वामींनी प्रश्न विचारावे आणि भगवंतांनी त्यांची उत्तरे द्यावी, त्या धर्माचे आपण अनुयायी आहोत. आणि सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी शिक्षणनिधीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या शक्तीनुसार भर घालावी, एवढी नम्र विनंती करतो. टेंभूच्या त्या एकाच सदऱ्याच्या विद्यार्थ्याचे याहून योग्य स्मरण दुसरे नाही.

॥ जय जिनेंद्र ॥